नवा डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही? क्रमाने तपासा



मंडळीच्या कचेरीत, संडे स्कूलच्या कपाटात, वसतिगृहाच्या खोलीत आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सीडी-डीव्हीडींनी भरलेला एखादा डबा असतोच. एकीत लग्नाचे फोटो असतात, दुसरीत गायनमंडळाची गाणी, तर एखादीत पाड्यावरच्या आजीने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असे काही जपून ठेवायचे तर सीडीवर उतरवून घेणे हाच स्वस्त मार्ग होता. आता नव्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घालायला जागाच नसते. म्हणून कचेरीतल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये नवा ड्राइव्ह बसवायचा आणि त्या डब्यातले सगळे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे, असा बेत अनेक जण करतात. बेत चांगला आहे आणि तो लांबणीवर टाकू नये. कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडीत माहिती एका रासायनिक रंगाच्या पातळ थरात उमटलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. एकदा तो गेला की आजीची गोष्ट परत मिळत नाही.

अडचण येते ती ड्राइव्ह बसवल्यावर. कॉम्प्युटर सुरू होतो, पण ड्राइव्ह कुठेच दिसत नाही. किंवा दिसतो, पण डिस्क वाचत नाही. मग 'माल खराब निघाला' असे म्हणून काम तिथेच थांबते. पुष्कळ वेळा दोष ड्राइव्हमध्ये नसतोच. तो एखाद्या सैल केबलमध्ये, बंद ठेवलेल्या पोर्टमध्ये किंवा खुद्द डिस्कमध्ये असतो. तो कसा शोधायचा हे या पाठात पाहू.

एक नियम लक्षात ठेवा

ड्राइव्हला आधी वीज लागते. मग माहितीची केबल लागते. मग मदरबोर्डने त्याला ओळखावे लागते. त्यानंतर विंडोजने ओळखावे लागते. शेवटी डिस्क वाचता यावी लागते. या पाच पायऱ्या एकीवर एक उभ्या आहेत. खालची पायरी पक्की नसेल तर वरच्या पायरीवर कितीही खटपट केली तरी ती वाया जाते. म्हणून खालून वर जा, एका वेळी एकच बदल करा, आणि काय बदलले व काय झाले ते वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

हात लावण्यापूर्वी

कॉम्प्युटर बंद करा आणि वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा. मग कॅबिनेटचे बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा. अंगातली स्थिर वीज त्यात उतरते. ड्राइव्ह कडेने धरा आणि त्याच्याबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू आत घुसून नुकसान करू शकतो.

ड्राइव्ह कोणत्या जातीचा आहे तेही पाहून घ्या. साटा जातीच्या ड्राइव्हला दोन चपट्या जागा असतात : लहान जागा माहितीच्या केबलची, तिच्यात 7 संपर्क, मोठी जागा विजेची, तिच्यात 15. जुन्या आयडीई जातीला 40 पिनांची रुंद पट्टी केबल आणि चार पिनांचा जाड वीज-कनेक्टर लागतो. पुष्कळशा नव्या मदरबोर्डवर आयडीईची जागाच नसते. तेव्हा कोणी प्रेमाने दिलेला जुना ड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लागतो का, हे आधीच पाहावे.

पायरी पहिली : वीज

केबली जोडून कॉम्प्युटर सुरू करा आणि ड्राइव्हचे बटण दाबा. ट्रे बाहेर आला आणि दिवा लुकलुकला, तर वीज पोचते आहे. पुढच्या पायरीवर जा.

ट्रे हललाच नाही तर कॉम्प्युटर बंद करून एसएमपीएसमधून आलेला दुसरा वीज-कनेक्टर लावून पाहा. मध्ये एखादा जोड-कनेक्टर वापरला असेल तर तो सैल बसण्याचा संभव जास्त असतो. तरीही हालचाल नसेल तर माहितीची केबल काढा, फक्त विजेची ठेवा आणि पुन्हा बटण दाबा. डेस्कटॉपचा धडधाकट ड्राइव्ह नुसत्या विजेवरही ट्रे उघडतो. चालू असल्याची खात्री असलेल्या कनेक्टरवरही तो ढिम्म राहिला, तर मात्र ड्राइव्ह सदोष असण्याची शक्यता मोठी आहे.

आत डिस्क अडकली असेल तर ट्रेच्या दर्शनी पट्टीवरचे बारीक छिद्र शोधा. कॉम्प्युटर बंद असताना सरळ केलेली कागदाची क्लिप त्यात हलकेच दाबली की ट्रे थोडा पुढे येतो. मग तो हाताने ओढून घ्यावा.

पायरी दुसरी : माहितीची केबल

साटा केबल दोन्ही टोकांना नीट आत गेली आहे का ते पाहा. नव्या ड्राइव्हला जुनी, वाकलेली केबल लावलेली असेल तर ती बदलून पाहा. मग मदरबोर्डवरचे दुसरे पोर्ट वापरून पाहा. काही मदरबोर्डवर एम-टू जातीची एसएसडी बसवली की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते. कोणते, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते.

आयडीई ड्राइव्ह असेल तर पाठीमागचा जंपर पाहा. एका केबलवर दोन उपकरणे असतील तर एक मास्टर आणि दुसरे स्लेव्ह हवे. दोन्ही मास्टर ठेवली तर एक किंवा दोन्ही दिसेनाशी होतात. पट्टी केबलची रंगीत कड पहिल्या पिनेच्या बाजूला येते. 80 तारांच्या केबलमध्ये निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला लावायचे असते.

ड्राइव्ह बसवल्यावर कॉम्प्युटरच सुरू होईनासा झाला तर घाबरू नका. काम करताना हार्ड डिस्कची केबल हाताच्या धक्क्याने सैल झाली असेल. ती आधी दाबून पाहा.

पायरी तिसरी : बायोस

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबत राहिले की बहुतेक मदरबोर्डवर बायोसची स्क्रीन येते. तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी असते. यादीत ड्राइव्हचे नाव दिसले तर वीज आणि केबल ठीक आहेत. आता कॅबिनेट उघडण्याचे कारण नाही. नाव नसेल तर ते पोर्ट 'डिसेबल्ड' ठेवलेले आहे का ते पाहा आणि 'एनेबल्ड' करा. तरी दिसले नाही तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. विंडोजमध्ये वेळ घालवू नका. जे मदरबोर्डला दिसत नाही ते विंडोजला कुठून दिसणार?

इथे एक सावधगिरी हवी. साटा मोड नावाची जी निवड असते, तिच्यात एएचसीआय आणि आयडीई असे पर्याय दिसतात. ती सहज म्हणून बदलू नका. ती बदलल्याने आधीचे विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते.

पायरी चौथी : विंडोज

ड्राइव्हसाठी वेगळे ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधत बसू नये. विंडोजमध्ये ते आधीपासूनच असते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे ड्राइव्हच्या नावावर पिवळी खूण असेल तर नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. विंडोज ड्राइव्हला नव्याने ओळखते.

पिवळी खूण राहिली आणि तिच्या माहितीत 19, 31, 32, 39 किंवा 41 यांपैकी एखादा क्रमांक दिसला, तर पूर्वी टाकलेल्या एखाद्या सीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचे अवशेष आड येत असतील. रजिस्ट्रीमध्ये ड्राइव्हच्या विभागात 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' अशा दोन नोंदी असतात. त्या काढल्यावर ड्राइव्ह चालू होतो. हे काम जाणकाराकडून, रजिस्ट्रीची प्रत ठेवूनच करून घ्यावे. चुकीची नोंद पुसली गेली तर दुखणे वाढते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळे ठीक, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह नाही, असेही होते. अशा वेळी डिस्क मॅनेजमेंट उघडून ड्राइव्हला अक्षर मिळाले आहे का ते पाहा आणि नसेल तर द्या.

पायरी पाचवी : डिस्क

आता ड्राइव्ह दिसतो, पण डिस्क वाचत नाही. एकाच डिस्कवरून निर्णय करू नका. तीन डिस्क घ्या : कारखान्यात छापलेली सीडी, छापलेली डीव्हीडी आणि घरी लिहिलेली डिस्क.

सीडी वाचायला 780 नॅनोमीटरचा लेझर किरण लागतो, डीव्हीडीला 650 आणि ब्लू-रेला 405. म्हणून डीव्हीडी चालते पण कोणतीच सीडी चालत नाही, असा एकतर्फी बिघाड होऊ शकतो. तो ड्राइव्हचा दोष समजावा. छापलेल्या दोन्ही डिस्क चालल्या आणि घरची चालली नाही, तर आधी संशय घरच्या डिस्कवर घ्या. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे डिस्क मात्र वाचली जाणारच नाही.

डिस्क मऊ, स्वच्छ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका. सीडीची छापील बाजूही जपा. सीडीत माहितीचा थर त्या बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक ठरतो. टोकदार बॉलपेनने तिच्यावर नाव लिहू नये. व्हिडिओ रेकॉर्डरवर लिहिलेली डिस्क 'फायनलाइज' केलेली नसेल तर कॉम्प्युटरला ती कोरी वाटते. मूळ यंत्र मिळाले तर त्यावर हे काम पुरे करता येते.

फाइली दिसतात पण चित्रपटाची डीव्हीडी चालत नाही, हा ड्राइव्हचा दोष नाही. विंडोज 10 मध्ये डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय मुळात दिलेली नाही. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की काम होते. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या डीव्हीडीचा विभाग वेगळा असू शकतो : भारत विभाग 5 मध्ये येतो, अमेरिका विभाग 1 मध्ये. ड्राइव्हचा विभाग फक्त 5 वेळा बदलता येतो, आणि पाचव्या वेळी निवडलेला कायमचा राहतो. एका चित्रपटासाठी ती संधी खर्च करावी का, याचा विचार करा.

मग ड्राइव्ह खराब कधी म्हणायचे?

अदलाबदल करून पाहिल्यावरच. हा ड्राइव्ह दुसऱ्या चालू कॉम्प्युटरमध्ये लावा, किंवा त्याच केबलींवर दुसरा चालू ड्राइव्ह लावा. दोष ड्राइव्हबरोबर फिरला तर ड्राइव्ह खराब. दोष कॉम्प्युटरपाशीच राहिला तर ड्राइव्ह निर्दोष. वहीतली ही नोंद घेऊन दुकानात गेलात तर वॉरंटीचे बोलणेही सोपे होते.

सरावासाठी

तरुण संघाच्या बैठकीत ही तीन उदाहरणे सोडवून पाहा.

1. ट्रे उघडतो, दिवा लागतो, पण बायोसमध्ये नाव नाही. (उत्तर : वीज ठीक आहे. माहितीची केबल, पोर्ट किंवा जंपर पाहा.)

2. बायोसमध्ये नाव आहे, विंडोजमध्ये पिवळी खूण आहे. (उत्तर : कॅबिनेट उघडू नका. डिव्हाइस मॅनेजरपासून सुरुवात करा.)

3. छापलेल्या सीडी चालतात, गायनमंडळाची 2004 सालची सीडी अडखळते. (उत्तर : डिस्क पुसा आणि मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला कधी कधी वाचता येते. म्हणून ती फेकू नका.)

वाचू लागला की लगेच

ज्या दिवशी ड्राइव्ह चालू होईल त्याच दिवशी कामाला लागा. जी डिस्क दुसरीकडे कुठेच नाही ती पहिली घ्या. बाजारात मिळणारी गाणी मागाहून. सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवा, दोन-चार उघडून ऐका, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी ठेवा. जुनी डिस्क वाचताना ड्राइव्ह बराच वेळ घुमत राहतो. मध्येच बटण दाबून ती बाहेर काढू नका. प्रत्येक फोल्डरला आवाज कोणाचा, गाव कोणते आणि वर्ष कोणते ते नाव द्या. हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच ते विचारून घ्या.