खालच्या टूरवरची वर्षं

जालना

चि. सोनू,


गोल्फच्या मोठ्या टूरचं कार्ड लगेच मिळालं नाही तर खालच्या टूरवर वर्षं घालवायची का, असं तू विचारलं आहेस. माझं मत आहे, जरूर घालवावीत. मात्र तिथल्या बक्षिसाच्या रकमेवरून स्वतःला जोखू नकोस, फेरीमागच्या सरासरीवरून जोख. अमेरिकेतली एप्सन टूर 1999 पासून महिलांची मोठी टूर असलेल्या एलपीजीएची अधिकृत विकास टूर आहे, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. लॉरेना ओचोआ 2002 मध्ये तिथे कमाईत पहिली आली आणि पुढच्याच वर्षी एलपीजीएवर गेली. नेली कोर्डा 2016 मध्ये तिथेच खेळत होती. पुढे टोकियोचं ऑलिंपिक सुवर्ण तिने जिंकलं. एप्सनवरून वर जायचं ते वर्षभराच्या क्रमवारीतून, त्यामुळे एखादा झकास आठवडा पुरत नाही. एकेका फटक्याचं मोल बघ: टोकियोत आपली अदिती अशोक 72 होलनंतर 15 अंडरवर (पारच्या अपेक्षित फटक्यांपेक्षा 15 कमी) होती, रौप्य-कांस्यासाठी प्लेऑफ खेळणाऱ्या दोघी 16 अंडरवर. चार दिवसांत एका फटक्याचा फरक! फेरीमागे अर्धा फटका कमी करायला वर्ष लागलं, तरी ते वर्ष वाया गेलं असं कोणी म्हणू नये.

घरचे म्हणतील, आपल्याकडे मोसंबी पिकते, स्टील बनतं, गोल्फ कुठलं? ही शंका अगदीच पोकळ नाही. अदितीला बंगळुरूची मैदानं मिळाली, गोल्फर दीक्षा डागरला लष्करी अधिकारी असलेले वडीलच प्रशिक्षक लाभले. तुला सरावासाठी जिल्ह्याबाहेरच राहावं लागेल, आणि ही अडचण मी लहान समजत नाही. पण जालन्याचा विजय झोल 2014 मध्ये भारताच्या 19 वर्षांखालील क्रिकेट संघाचा कर्णधार होता, हेही त्यांना सांग. ताकदीचं म्हणशील, तर टोकियोत अदितीचा ड्राइव्ह सर्वांत तोकड्यांपैकी होता. तिला तारलं पटिंगने. पार 72 च्या मैदानावर हिशेबाने 36 फटके हिरवळीवरच्या पटिंगचेच असतात. उंची वाढवता येत नाही, पटिंग सुधारता येतं.

खरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला मान्य आहे. कट (पुढच्या फेऱ्यांसाठीची छाटणी) चुकला की हाती काही येत नाही, प्रवास, कॅडी, मुक्काम यांचा खर्च मात्र होतोच. म्हणून हा तोटा शिक्षणाच्या फीसारखा आधीच ठरवून घे, मुदतीसह. भारतातली महिलांची प्रो टूर आधी खेळ. चुका इथे स्वस्तात होतात. मोसम सुरू होण्याआधी वर्षाचा खर्च आणि अपेक्षित सरासरी एका कागदावर लिहून बाबांना दाखव. मोसम संपल्यावर प्रत्यक्ष आकडे त्याच कागदावर, त्यांच्याच समोर भर. पुढच्या वर्षाचं तेव्हा ठरवू.

तुझी,
आत्या