मागे न वळणाऱ्या वाचकासाठी

चामोर्शी

चि. प्रणय,


गावोगावच्या सामूहिक वनहक्काच्या हद्दी एकाच एक्सएमएल फाइलीत आणायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. एवढ्या जंगलाची कड कितीही कमी धरली तरी 15 किलोमीटर. दर 5 मीटरला एक बिंदू घेतला, तर एकट्या गावाचे 3,000 बिंदू. जिल्ह्याची फाइल अख्खी मेमरीत घ्यायची म्हटलं की तिच्या कित्येक पट जागा लागते. म्हणून ती वाहत्या पद्धतीनं वाचावी: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच, मागे न वळता. एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेत, 2017 च्या एक्सएसएलटी 3.0 मध्ये, त्याची रीतसर सोय आहे. पण ही सोय कामी येईल की नाही, हे प्रोग्राम लिहिण्याच्या कितीतरी आधी, फाइलीतला क्रम ठरवतानाच ठरतं.

जीपीएसच्या नोंदी ठेवणारा जीपीएक्स हा एक्सएमएल प्रकारच बघ. त्यात ट्रॅकचं नाव आधी, बिंदू नंतर. आणि अक्षांश-रेखांश बिंदूच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅग उघडताच दोन्ही हाती. हद्दीतलं क्षेत्रफळ काढायला तेवढं पुरतं. प्रत्येक बिंदू सपाट नकाशावर आणत जायचं आणि पहिला बिंदू, मागचा बिंदू आणि चालती बेरीज एवढंच लक्षात ठेवायचं. बिंदू 3,000 असोत की 3 लाख. मात्र ते हद्दीवरून चाललेल्याच क्रमानं हवेत. क्रम मोडला तर आधी सगळे साठवून लावावे लागतील, आणि वाहतं वाचन तिथंच संपलं.

मेमरी आता स्वस्त आहे, असं तू म्हणशील. पण ही फाइल ग्रामसभेच्या जुन्या संगणकावरही उघडायला हवी, आणि दर फेरमोजणीला ती वाढणार. मागे वळता येत नाही, मग गावाचं नाव प्रत्येक बिंदूवर लिहायचं का? गरज नाही. आतला बिंदू वाचताना बाहेरच्या घटकाचे अ‍ॅट्रिब्यूट हाताशी असतातच. गावाचं आणि तालुक्याचं नाव तिथं एकदा लिही.

खरी अडचण क्षेत्रफळाच्या आकड्याची आहे. तो सुरुवातीलाच मिळाला तर वाचणाऱ्याला बरं, पण लिहिणाऱ्याला मग सगळे बिंदू येईपर्यंत पहिली ओळही लिहिता येत नाही. माझ्या मते तो प्रत्येक गावाच्या शेवटी, बिंदूंच्या खाली असावा. तिथं पोचेपर्यंत वाचणाऱ्याची स्वतःची बेरीज झालेली असते, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्या गावाची नोंद तिथल्या तिथे बाजूला काढता येते.

तुझा मामा