दावणीवरची गाय केव्हां बदलावी?

गोठ्यांतील उत्तम गाय कोणती, असें विचारलें असतां बहुतेक शेतकरी व्याल्यानंतर दुसऱ्या महिन्यांत बादली भरणाऱ्या गाईकडे बोट दाखवितात. आमच्या मतें ही मोठी फसगत आहे. गाय दूध कांहीं महिने देते, दाणावैरण मात्र वर्षभर खाते. म्हणून दुधाचा हिशेब एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंतच्या सर्व दिवसांवर वांटला पाहिजे.

समजा, तांबडी गाय एका वेतांत ३,००० लिटर दूध देते, पण तिच्या दोन वेतांतील अंतर १८ महिने, म्हणजे सुमारें ५४० दिवस आहे. काळी २,६०० लिटरच देते, परंतु तिचें अंतर १३ महिने, म्हणजे ३९० दिवस. रोजची सरासरी काढली तर तांबडीची साडेपांच लिटर पडते, काळीची साडेसहांहून अधिक. काढावयाची झालीच तर ती तांबडी.

तथापि घाई नको. गाभणपणाचे सुमारें २८० दिवस कमी करणें कोणाच्याही हातीं नाहीं. अंतर वाढतें तें गाय गाभण राहीपर्यंत. तेरा महिन्यांचा मेळ साधावयाचा तर तिनें ११० दिवसांत गर्भ धरला पाहिजे. माज सुमारें २१ दिवसांनीं येतो, आणि रात्रीं आलेला एक माज नजरेंतून निसटला कीं तीन आठवड्यांची वैरण अंगावर पडते. तेव्हां दोष गाईचा कीं पाहणाऱ्याचा, हें आधीं ठरवावें. तीनदां रेतन करूनही ती उलटली तर पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. तसेंच पहिल्या वेताच्या दुधावरून गाय नापसंत करूं नये; साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत दूध वाढत जातें.

आम्हीं स्वतः याच्या उलट चूक केलेली आहे. एक जुनी गाय, एक सड कासदाहानें बंद पडलेला, माज अनियमित. पण पूर्वीच्या दुधाच्या आठवणीवर ती दोन वर्षें ठेविली. भाकड झाल्यावर विकावयास काढली तों गिऱ्हाईकच मिळेना. महाराष्ट्रांत गोहत्येस १९७६ च्या कायद्यानें मनाई होतीच. २०१५ पासून बैल व वळू हेही तींत आले. म्हशीस ही मनाई लागू नाहीं. यास्तव भाकड गाईची किंमत हिशेबांत शून्यच धरावी, आणि विकावयाची गाय चौथ्या-पांचव्या वेतांत, गाभण किंवा दुभती असतांनाच विकावी. मागें तिनें किती दूध दिलें हें न पाहतां, येत्या वर्षीं तिच्यापासून खर्च वजा जातां जें उरेल तें तिच्या जागीं येणाऱ्या कालवडीच्या उत्पन्नाहून कमी आहे काय, एवढेंच पाहावें.

विकतांना सडाचा वा माजाचा दोष घेणाऱ्यास स्पष्ट सांगावा. गाभडलेल्या गाईची सांसर्गिक गर्भपातासाठीं रक्ततपासणी केल्यावांचून ती दुसऱ्याच्या दावणीस देणें म्हणजे त्याचा गोठा बुडविणें होय. हा रोग कच्च्या दुधावाटे माणसासही होतो.

बदली जनावर शक्य तों घरचेंच असावें. संकरित कालवड दुधावर येण्यास अडीच ते तीन वर्षें लागतात. म्हणजे तीन वर्षांनंतर जी गाय काढावयाची, तिच्या जागीं येणारी कालवड आज गोठ्यांत असली पाहिजे. नियमित व्यालेल्या, निरोगी कासेच्या गाईचीच कालवड त्यासाठीं राखावी आणि चार ते आठ महिन्यांच्या वयांत तिला सांसर्गिक गर्भपाताची लस टोंचून घ्यावी.