महिना मिळवताना सांभाळून

बाळा, कर्जविभागाच्या प्रोजेक्टवर लागलास म्हणजे आता तारखांशी रोजची गाठ. जॉइन वगैरे तू माझ्याहून झकास लिहितोस, त्यात मी नाक खुपसत नाही. पण तारखांबद्दल मावशीचं ऐकून ठेव. ह्यातल्या चुका महिनाभर झोपून राहतात आणि नेमक्या ३१ मार्चच्या रात्री जाग्या होतात.

कोड लिहायच्या आधी बँकेच्या माणसाला विचारायचं: तीस दिवसांनी म्हणताय, की महिन्याने? त्याला वाटतं दोन्ही एकच. दिवस मिळवणं सोपं आहे, सगळीकडे एकच उत्तर येतं. महिना मिळवला की जो तो आपल्या मताने वागतो.

३१ जानेवारी २०२४ घे आणि एक महिना मिळव. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल २९ फेब्रुवारी देतात. ओरॅकलचं ‘ॲड मंथ्स’सुद्धा तेच देतं, पण त्याच ओरॅकलमध्ये एक महिन्याचं इंटरव्हल मिळवलंस तर सरळ एरर येते, की अशी तारीखच नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘सेटमंथ’ केलंस तर ते आधी ३१ फेब्रुवारी धरतं, मग जास्तीचे दोन दिवस पुढे ढकलून २ मार्च हातात ठेवतं. पीएचपीची तऱ्हा तीच. लोक त्या एररला शिव्या घालतात. मला ह्या सगळ्यांत तीच प्रामाणिक वाटते. ‘ॲड मंथ्स’ला आणखी एक खोड आहे. २८ फेब्रुवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवलास तर ते ३१ मार्च देतं, कारण महिन्याची अखेर दिली की उत्तरही अखेरच यायला हवं असा त्याचा नियम. पोस्टग्रेस २८ मार्च देतं. ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर कुणी न्यायला सांगितलं, तर पहिल्यांदा हे ताडून बघ.

हप्त्यांचं वेळापत्रक करताना मागच्या हप्त्याच्या तारखेत महिना मिळवत जाऊ नकोस. ३१ जानेवारीवरून २९ फेब्रुवारीला आलास, तिथून २९ मार्च, २९ एप्रिल. मूळची ३१ कायमची गेली. दर वेळी पहिल्या तारखेत एक, दोन, तीन असे महिने मिळव. म्हणजे मार्चचा हप्ता ३१ लाच येतो.

वजाबाकीतही जपून. पोस्टग्रेसमध्ये तारखेतून तारीख वजा केली की दिवस मिळतात. मायएसक्यूएलमध्ये १ मार्च २०२४ मधून २८ फेब्रुवारी तशीच वजा केलीस तर उत्तर येतं ७३! ते बापडं २०२४०३०१ मधून २०२४०२२८ वजा करतं. तिथे ‘डेटडिफ’ वापर, बरोबर २ येतील. हेच नाव एसक्यूएल सर्व्हरमध्येही आहे, पण तिथे आधीची तारीख आधी द्यायची, मायएसक्यूएलच्या उलट. शिवाय ते वर्षं मोजताना फक्त वर्ष बदललं का एवढंच बघतं. ३१ डिसेंबर २०२३ ते १ जानेवारी २०२४ म्हणजे त्याच्या लेखी एक वर्ष. कर्जदाराचं वय त्याने काढू नकोस. दिवसांना ३६५ ने भागूनही नको.

आर्थिक वर्षाचा रिपोर्ट काढताना ‘बिटवीन’ टाळ. कॉलममध्ये वेळ असेल तर ३१ मार्च म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र एवढंच धरलं जातं आणि वर्षअखेरीचा सगळा भरणा बाहेर राहतो. ओरॅकलच्या ‘डेट’मध्येही वेळ असते, नावावर जाऊ नकोस. १ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आत, अशी अट घाल. कॉलमवर ‘इयर’सारखं फंक्शन लावलंस तर साधा इंडेक्सही वापरला जात नाही, ते वेगळंच.

आपल्याकडे घड्याळं पुढेमागे होत नाहीत, म्हणून आपण टाइमझोनबाबत निर्धास्त असतो. पण ब्राउझरमध्ये इथल्या १ एप्रिलची मध्यरात्र घेऊन ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ कर. ३१ मार्च, १८:३० येईल. पुढे कुणी वेळ कापून नुसती तारीख ठेवली की व्यवहार गेल्या आर्थिक वर्षात गेला. म्हणून जन्मतारीख, हप्त्याची तारीख असल्या गोष्टी नुसत्या तारखेच्याच प्रकारात ठेव. आणि परदेशातलं काम आलं तर एक दिवस म्हणून २४ तास मिळवू नकोस. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ हा दिवस २३ तासांचाच होता.

टेस्ट केसेसमध्ये ३१ जानेवारी, २८ आणि २९ फेब्रुवारी, ३१ मार्चची रात्र आणि ३१ डिसेंबर ह्या तारखा असू देत. आणि उद्या विम्याचं काम आलं तर फेब्रुवारी २१०० सुद्धा घाल. ते लीप वर्ष नाही, आणि आज जन्मलेल्या पोराची पॉलिसी तिथवर पोचू शकते.