अभ्यासपाठ : माळावरची अळंबी



मृगाचे दोन-चार पाऊस झाले की मावळातल्या कातकरी-ठाकर वाड्यांवरच्या आयाबाया टोपली घेऊन माळाकडे निघतात. वारुळाभोवती अळंबी उगवलेली असते. मागच्या पावसाळ्यात पवन मावळातली एक मावशी मला म्हणाली, "ताई, आमचं वारूळ जेसीबीनं नेलं. आता तिथं बंगल्याची हिरवळ आहे, पण अळंबी न्हाई." पाऊस तोच, गवतही आहे; मग अळंबी का नाही?

१. ही शेती वाळवीची
वारूळ बांधते वाळवी. ती वाळके गवत, पाने, काटक्या खाते आणि जमिनीखाली आपल्या विष्ठेच्या थरांवर बुरशी वाढवते. बुरशी कठीण काष्ठ मऊ करते. तेच वाळवीचे अन्न. पावसात ही बुरशी मुळासारखा लांब देठ वर पाठवते, तीच आपली अळंबी. 'टर्मिटोमायसिस' हे तिचे शास्त्रीय नाव १९४२ सालचे. वाळवीशी तिची सोबत मात्र सुमारे ३ कोटी वर्षांची. धिंगरी पेंढ्यावर पिकवता येते, तशी ही पिकवता येत नाही. वारूळ गेले की अळंबी गेली.

२. जुन्या माळाचे मोल
युरोपात वॅक्सकॅप नावाच्या मेणचट, रंगीत छत्र्या न नांगरलेल्या, खत न घातलेल्या जुन्या कुरणांत उगवतात. ब्रिटनमध्ये अनेक जुन्या चर्चच्या आवारात, कबरींमधल्या गवतावर त्या टिकून आहेत, कारण तिथे फक्त गवत कापले गेले. आपला माळही असाच आहे. दिसायला पडीक, पण न मोडलेला म्हणूनच श्रीमंत.

३. काढताना
वारूळ खणू नये. काही छत्र्या पूर्ण उमलू द्याव्यात. नव्या वारुळातील वाळवीला बुरशीचे बीज बहुधा बाहेरूनच मिळते, ते या छत्र्यांतून पसरते.
अनोळखी छत्री खाऊ नये. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडण्याची परीक्षा खोटी आहे. काही विषारी छत्र्यांचे विष शिजवूनही जात नाही. त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मध्येच बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. म्हणून उलट्या-जुलाब थांबले तरी घरी राहू नये. १०८ ला फोन करावा, उरलेली छत्री सोबत न्यावी.

चर्चेसाठी
१) आपल्या वाडीभोवती अळंबीची किती वारुळे उरली आहेत? ती कोणाच्या जमिनीवर आहेत?
२) अळंबी ओळखणाऱ्या आजीबरोबर यंदा कोणती मुले माळावर जातील?
३) ती वारुळे राखण्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत कोण मांडेल?