गुप्त मत आणि गुप्त देणगी
(संसदीय लोकशाहीतील पक्षनिधीविषयी एक अभ्यासलेख)

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभासदांना बौद्ध भिक्खू संघाचे स्मरण करून दिले. आसनव्यवस्था, ठराव मांडण्याची रीत, गणसंख्या, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान या साऱ्यांचे नियम संघाला ठाऊक होते. संसदीय पद्धती या भूमीला नवखी नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात या मतदानाचे तपशील आढळतात. मत नोंदविण्यासाठी शलाका, म्हणजे लहान काड्या, वापरीत. त्या गोळा करणाऱ्या भिक्खूची नेमणूक संघ करी. पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि कोणाची शलाका घेतली व कोणाची घेतली नाही हे नीट जाणणारा भिक्खूच त्या कामास पात्र मानला जाई. मत उघडपणे, कानात सांगून अथवा गुप्तपणे, अशा तिन्ही रीतींनी घेता येत असे.

आज गुप्त मतदान आपण गृहीतच धरतो. त्यामागचे कारण मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याच्या शेतात राबायचे त्याच्या विरोधात मत द्यायचे असेल, तर ते मत झाकलेले असणे आवश्यक असते. गुप्तता हे दुर्बलाचे कवच आहे. मग प्रश्न असा, की हेच कवच राजकीय पक्षाला कोट्यवधी रुपये देणाऱ्याला द्यावे काय? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पक्षाला पैसा का लागतो?

संसदीय लोकशाहीत मतदार थेट कायदे करीत नाही. पक्ष धोरण मांडतात, उमेदवार उभे करतात, परस्परांशी स्पर्धा करतात आणि बहुमत मिळविणारा पक्ष सरकार बनवितो. या कामासाठी कार्यालय, कार्यकर्ते, प्रवास, छपाई व सभा लागतात. म्हणून पक्षाने पैसा जमविणे हे स्वतःच पाप नव्हे. तो पैसा कोणाकडून आला आणि देणाऱ्याने मोबदल्यात काय मागितले, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची वाटचाल

हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करावयाची होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. प्रचलित कायद्यानुसार न्यायालयाने परवानगी दिली. परंतु हा प्रवाह वाढत गेला तर तो लोकशाहीचा गळा आवळील, असा इशारा मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी दिला आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचविले.

पुढे १९६० साली अशा देणग्यांवर मर्यादा आली. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. देणग्या त्यामुळे थांबल्या नाहीत. त्या काळ्या पैशाच्या वाटेने येऊ लागल्या. १९८५ साली बंदी उठवून नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने ती मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के केली. २०१७ साली ही मर्यादाच काढून टाकण्यात आली. तोट्यातील कंपनीलाही हवी तेवढी देणगी देण्याची मुभा मिळाली.

जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना लागू झाली. एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून विकत घ्यायचे आणि पंधरा दिवसांच्या आत पक्षाने ते वटवायचे, अशी ती रीत होती. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे आणि निवडणूक आयोगालाही ते कळविण्याचे बंधन पक्षावर नव्हते. पैसा बँकेतून जाईल, रोकड व काळा पैसा कमी होईल आणि देणगीदाराला विरोधी पक्षाच्या रोषाची भीती राहणार नाही, ही सरकारची बाजू होती. ती विचारात घेण्याजोगी आहे. परंतु बँक सरकारी; तेव्हा सत्तेत असणाऱ्यांना नाव कळण्याची शक्यता होती. देणाऱ्याला व घेणाऱ्यालाही ठाऊक असण्यास अडचण नव्हती. अंधारात राहणार होता तो केवळ मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणे हा मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग असून, तो अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) मध्ये अंतर्भूत आहे, असे न्यायालय म्हणाले. आपला राजकीय कल खाजगी ठेवण्याचा व्यक्तीचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी दिलेल्या देणगीला ते संरक्षण मिळणार नाही, असे स्पष्ट केले. कंपन्यांवरील मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द झाली. तोपर्यंत सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी पक्षाला मिळाला होता. विरोधी पक्षांनीही, विशेषतः जेथे राज्यात त्यांची सत्ता होती तेथे, मोठ्या रकमा स्वीकारल्या होत्या.

पैसा आणि धोरण

धम्मात दान ही पारमिता आहे. परतफेडीची अपेक्षा आली की तिचे दानपण संपते. मोठी कंपनी पक्षाला देते ते बहुधा या अर्थाने दान नसते. न्यायालयानेही कंपन्यांच्या देणग्यांना व्यावसायिक व्यवहारच म्हटले आहे.

याची दुसरी बाजू आपल्या इतिहासात दिसते. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत त्याचे बहुसंख्य उमेदवार निवडून आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. आता कल्पना करा, की तो पक्ष खोतांच्या पैशावर चालला असता, तर हे विधेयक लिहिले तरी गेले असते काय? पक्षाची तिजोरी ज्याच्या हाती, त्याला अप्रिय असलेली कलमे जाहीरनाम्यातून आपोआप गळतात. ती गळाली हे मतदाराला कळतही नाही.

समान स्पर्धा

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही. मल्लाचे वजन काट्यावर मोजायचे आणि त्याच्या मागे किती जण आखाड्यात उतरले ते मोजायचेच नाही, असा हा प्रकार आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने पक्षांच्या खर्चावरही मर्यादा घातली आहे. जर्मनीत पक्षांना सरकारी अनुदान मिळते. ते पक्षाची मते आणि सामान्य व्यक्तींकडून मिळालेल्या लहान रकमा यांच्या आधारे ठरते, व पक्षाने स्वतः जमविलेल्या रकमेहून ते अधिक असू शकत नाही. आपल्याकडे इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ साली पक्षांना काही अंशी, तेही वस्तुरूपाने, सरकारी साहाय्य द्यावे अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

आपले काम

रोखे गेले, तरी प्रश्न सुटलेला नाही. २०,००० रुपयांहून कमी देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाला आजही जाहीर करावे लागत नाही. त्याहून मोठ्या देणग्यांच्या याद्या आणि पक्षांचे वार्षिक लेखे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ते वाचावेत आणि वस्तीतील सभेत साध्या मराठीत समजावून सांगावेत.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी विहारे लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली. पावतीपुस्तक असते, हिशेब चारचौघांत वाचला जातो, आणि दहा रुपये देणारी मजूर स्त्रीही त्यावर प्रश्न विचारू शकते. ज्याला आपण आपला पक्ष म्हणतो, त्याच्याकडे आपण पावती मागितली आहे काय? आणि त्याआधी, त्याला दहा रुपये दिले आहेत काय? आपण देत नाही, म्हणून तो दुसऱ्याकडे जातो; आणि मग त्याच्यावर हक्क दुसऱ्याचा होतो.

मतदानाच्या आदल्या रात्री दाराशी येणारे पाकीट हीदेखील गुप्त देणगीच आहे. ती घेणाऱ्याने पाच वर्षांचा प्रश्न विचारण्याचा अधिकार विकलेला असतो. पालकांनी हे मुलांना आधी आचरणातून दाखवावे. या शाळेतील विद्यार्थी थोड्याच वर्षांत प्रथम मतदान करतील. मत गुप्त ठेवा आणि पैसा उघडा करावयास लावा, एवढे जरी त्यांनी येथून शिकून नेले, तरी नागरिकशास्त्राचा हा धडा सार्थकी लागला असे म्हणता येईल.