बुरशीचे पाचकरस आपल्या पोटात!

"दूध प्यायले की पोट बिघडते" आणि "हे चीज शाकाहारी आहे का?" हे दोन प्रश्न आपल्या मंडळींत हमखास निघतात. दोन्हींच्या उत्तरात बुरशी येते.

शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या तंतुमय बुरशीला पोट नसते. ती तंतूंच्या टोकांतून एन्झाइम (विकर) बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. कारखानदाराला हेच सोयीचे पडते. निवडक बुरशी गव्हाच्या कोंड्यावर किंवा हवा खेळवलेल्या टाकीत वाढवायची, तंतू गाळून टाकायचे आणि उरलेल्या द्रवातून एन्झाइम वेगळे करायचे.

या धंद्याचा पाया जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने घातला. 'ॲस्परजिलस ओरायझी' या बुरशीपासून पिष्ट पचवणारे डायस्टेस बनवण्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १८९४ साली मिळाले. पुढे त्यांची प्रयोगशाळा आपल्याच न्यू जर्सीत, क्लिफ्टनला होती. भारतातल्या पाचक गोळ्यांवर 'फंगल डायस्टेस' लिहिलेले असते, ते याच परंपरेतले. आज ठाण्याची ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी याच व्यवसायात आहे. तिचे शेअर २०१६ साली बाजारात आले.

आता घरच्या उपयोगाचे :

१. दूध : लॅक्टोज न पचणाऱ्यांसाठीच्या लॅक्टेज गोळ्या बहुधा याच बुरशीपासून बनतात. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यावी. दोन तासांनी घेऊन उपयोग नाही.

२. छोले, राजमा, वाल : यांच्या गॅसवर लॅक्टेज चालत नाही. त्यासाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे 'ॲस्परजिलस नायजर'पासून मिळणारे वेगळे एन्झाइम लागते.

३. चीज : लेबलवर नुसते 'एन्झाइम्स' असेल तर ते वासराच्या जठरातलेही असू शकते. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' हे शब्द शोधावेत. काही रेनेट वासराचे जनुक बुरशीत घालून बनवतात. त्यात प्राण्याचा अंश नसतो, पण ते चालवून घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

सर्वांत महत्त्वाचे : लॅक्टोज न पचणे आणि दुधाची ॲलर्जी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. तिथे लॅक्टेजची गोळी काहीच करत नाही. दुधानंतर मुलाच्या अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर गोळी शोधत न बसता ताबडतोब ९११ ला फोन करावा. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे अशी लक्षणे असतील तर गोळ्यांवर दिवस न काढता डॉक्टरांना दाखवावे. बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारूनच या गोळ्या घ्याव्यात.